बाहेरचा पडदा

पहिला दगड तात्यांच्या डाव्या कानशिलावर बसला. मी तंबूच्या कनातीआडून बघत होते. दगड मुठीएवढा होता, लांबून आला होता, सावध माणसाला सहज चुकवता आला असता. तात्यांनी मानसुद्धा हलवली नाही. झेंड्याची काठी धरून ते जागीच उभे राहिले आणि मग हळूहळू गुडघ्यांवर बसले.

"तात्या, आत या!" मी ओरडले. बाहेर एवढा कालवा होता की माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही.

माझ्यासमोर टेबलावर कॉम्प्युटरचा एक पडदा चालू होता. दुसरा तंबूच्या बाहेर, लोकांकडे तोंड करून, लोखंडी घोड्यावर उभा होता आणि तो ठार काळा होता. तो काळा होता म्हणून माझ्या बापाला दगड बसला. बैलांच्या पायी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कॉम्प्युटरच्या अपडेटपायी उठतात, हे त्या दिवशी पाहिलं.

माझं नाव वैजयंता. तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हाही होतं. तात्या म्हणजे माझे वडील, हणमंत काटे, आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींचे झेंडापंच. छकड्याला जुंपलेल्या जोड्या धुरळा उडवत यायच्या आणि रेषेला कुणाचं नाक आधी लागलं हे तात्या सांगायचे. ज्या गाडीच्या चाकोरीत त्यांनी पांढरा झेंडा रोवला ती पहिली. त्यावर कुणी ब्र काढत नसे. घरात समोरचा मिठाचा डबा त्यांना सापडायचा नाही, आई त्यावरून रोज त्यांची फिरकी घ्यायची. पण मैदानात त्यांचा डोळा म्हणजे कोर्ट होतं.

मग कॅमेरे आले. शेजारच्या तालुक्यात कुणीतरी तंबूत बसून कॅमेऱ्याचा निकाल दिला, तर हरलेल्यांनी तंबू पेटवला आणि कॅमेरावाल्याचा हात मोडला. त्यानंतर तात्यांनीच आमच्या कमिटीला अट घातली. एक पडदा आत, एक बाहेर. कॅमेरा जे बघतो ते बाहेर सगळ्यांना दिसलं पाहिजे. बाहेर दिसला तोच निकाल, आणि गाडीमालकानं तंबूत पाय ठेवायचा नाही. बाहेरच्या पडद्याची जागासुद्धा त्यांनीच ठरवली. ते रेषेवर दगडी ओट्यावर उभे राहत. गाड्या त्यांच्या डाव्या अंगानं येत. पडदा त्यांच्या उजव्या हाताला, अगदी जवळ. कॅमेरा समोरच्या बाजूला खांबावर, त्यामुळे प्रत्येक निकालाच्या चित्रात बैलांच्या मागे तात्या उभे दिसायचे. लोक म्हणायचे, बघा, स्वतःवर साक्षीदार बसवून घेणारा पंच! मलाही केवढा अभिमान वाटायचा. पडद्यावर चित्र उमटायला आणि तात्यांचा झेंडा हलायला एकच गाठ पडायची.

त्या दिवशी शर्यतीचं मैदान उत्तमराव घोरपडे यांच्या माळावर होतं. उत्तमराव कमिटीचे अध्यक्ष, जागा त्यांची, मांडव त्यांचा, आणि फायनलला आलेला वजीर हा बैलही त्यांचाच. पहिल्या गाडीला बक्षीस ट्रॅक्टर होता. सकाळी रीतीप्रमाणे मशीनची पूजा झाली. दोन्ही पडद्यांना हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचं फूल, टेबलाच्या कोपऱ्यावर न फोडलेला नारळ; तो शेवटचा निकाल लागल्यावर फोडायचा. तात्या पाया पडायला वाकले आणि त्यांच्या डाव्या कोपरानं माझा चहा टेबलावरून उडाला.

"कुठं ठिवतीस गं पोरी, वाटंतच!" ते माझ्यावरच खेकसले.

"टेबलावर ठेवला होता, तात्या. टेबल तुमच्या वाटेत आलं."

"लई शानी हाईस," म्हणत ते ओट्याकडे गेले.

घोळ केला तो राजाराम मास्तरांनी. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, शर्यतीचं समालोचन करायचे आणि माइक हातात आला की त्यांना भान राहायचं नाही. त्यांना शर्यत इंटरनेटवरून थेट दाखवायची होती. "अगं वैजू, जग बघेल!" मी माझ्या फोनचं इंटरनेट मशीनला जोडून दिलं. जगानं काय बघितलं ते मास्तरांना ठाऊक, पण मशीननं ती संधी साधून गुपचूप अपडेट उतरवून घेतलं. दुपारी जनरेटरमध्ये डिझेल घालायचं म्हणून मी मशीन बंद केलं. परत चालू करायला गेले तर निळ्या पडद्यावर गोल गोल फिरतंय, अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. त्यासमोर बसून मी मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या आमच्या घरात बायकांनी घालायची पद्धत नाही.

मशीन उठलं तेव्हा आतल्या पडद्यावरची अक्षरं बोटभर जाड झाली होती आणि बाहेरचा पडदा बंद. मी वायरी बदलल्या, वायरीची तोंडं पुसली, दोन पडद्यांची बटणं दाबून पाहिली. बाहेरचा म्हणायचा, सिग्नल नाही. शेवटी मशीनच्या आतली यादी उघडली आणि दुखणं कळलं. पडदे चालवणाऱ्या कार्डाचा जो नेमका ड्रायव्हर प्रोग्राम मी बसवला होता, तो अपडेटनं काढून टाकला होता आणि त्याच्या जागी स्वतःचा कामचलाऊ बसवला होता. तो एकाच पडद्याला ओळखतो. जुना ड्रायव्हर परत आणणं अवघड नव्हतं, पण त्यानंतर मशीन बंद करून चालू करावं लागणार होतं. आणि रेषेच्या पलीकडे फायनलच्या गाड्या जुंपून उभ्या होत्या. जुंपलेले बैल थोपवून धरणं म्हणजे माणसं चिरडून घेणं. मशीन बंद असताना गाड्या सुटल्या असत्या तर रेकॉर्डिंगच झालं नसतं.

मी बाहेर पळाले. तात्या ओट्यावर होते, खाली उत्तमराव आणि अंकुश शिर्के भांडत होते. अंकुश पलीकडच्या गावचा, पाखऱ्या नावाच्या बैलाचा मालक, तोंडानं तापट पण सरळ माणूस.

"पडदा लागल्याबिगर फायनल न्हाय सुटायची!" अंकुश म्हणत होता.

"का? मशीन नव्हतं तवा निकाल लागत नव्हतं व्हय?" उत्तमराव हसून म्हणाले. "तात्याचा डोळा हाय की. का तात्यावर इस्वास न्हाय तुजा?"

शेकडो माणसं ऐकत होती. अंकुश मान झटकून पाखऱ्याकडे गेला.

मी तात्यांच्या जवळ जाऊन म्हणाले, "तात्या, रेकॉर्डिंग होतंय. फायनल सुटू द्या, पण झेंडा रोवू नका. मी मशीन बंद-चालू करते, पडदा लागतो, मग रोवा. थोडा वेळ फक्त थांबा."

"पडदा लागंल नक्की?"

"लागेल."

त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, उन्हाचा. "थांबतो," ते म्हणाले.

ते थांबले नाहीत, कारण त्यांना थांबू दिलं नाही. फायनल सुटली. धुरळ्यातून पाखऱ्या आणि वजीर खांद्याला खांदा लावून आले आणि रेषेवरून गेले. बाकीच्या गाड्या मागे राहिल्या. सगळं मैदान ओरडू लागलं, तात्या, निकाल! तात्या, निकाल! मास्तर माइकवरून त्यात तेल ओतत होते. उत्तमराव ओट्याच्या पायाशी उभे राहून सारखे म्हणत होते, "तात्या, कशाची वाट बघतायसा? दिसलं न्हाय का काय?" त्या शेवटच्या वाक्यासरशी तात्या ओट्यावरून उतरले, तरातरा चालत गेले आणि झेंडा वजीरच्या चाकोरीत रोवला.

पुढचं सुरुवातीला सांगितलं. अंकुशच्या गावची माणसं धावली, तात्यांनी झेंड्याची काठी उपटून हातात धरली, आणि दगड आला.

मी मशीनकडे वळले. बंद करण्याआधी चित्र बघून घ्यावं म्हणून रेकॉर्डिंग मागे नेलं आणि बैल रेषेवर आले तिथे थांबवलं. जाड जाड ठिपक्यांचं चित्र होतं, पण त्यात संशयाला जागा नव्हती. पाखऱ्याचं पूर्ण मुसकट रेषेच्या पुढे होतं. वजीर मागे होता. तात्यांनी निकाल चुकीचा दिला होता.

पडदा लावला तर पाखऱ्यावाल्यांना पुरावा मिळणार, पंच विकला गेला याचा. मग ते तात्यांना जिवंत सोडणार नाहीत. आणि नाही लावला तर? बाहेर काठ्यांचे आवाज यायला लागले होते. काठी माणसाच्या अंगावर पडते तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. ओली गोधडी झोडपल्यासारखा होतो.

कनात फाडून उत्तमराव आत आले. गाडीमालकानं तंबूत यायचं नाही या नियमावर अध्यक्ष म्हणून त्यांचीच सही होती. त्यांनी माझ्या खांद्यावरून चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"हे पुसून टाक," ते म्हणाले.

"बाहेर तात्यांना मारतायत. तुमची माणसं पाठवा आधी."

"पाठवतो. तू हे पुस, मी माणसं पाठवतो. पडदा बिघाडला, चित्र न्हाय, पंचाचा निकाल शेवटचा. तुजा बाप बी वाचंल, त्येचं नाव बी वाचंल."

"आणि अंकुशची गाडी?"

"ट्रॅक्टर माज्या दारात लागणार हाय, पोरी. साऱ्या गावाला जेवान सांगितलंय." त्यांनी माझ्या हातावरून माउस ओढला. मी तो परत ओढला. त्यांनी माझ्या तोंडात मारली.

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

ओठ फुटला, रक्त कीबोर्डवर पडलं. त्यानं टेबलाखाली हात घालून जनरेटरची वायर उपसली. मशीन बंद पडलं नाही; मशीन, दोन्ही पडदे आणि भोंगे खालच्या बॅटरीवर आले आणि ती टी टी करायला लागली. तो वायर हातात धरून मूर्खासारखा बघत राहिला आणि मग बॅटरीवर लाथ मारायला त्यानं पाय उचलला. टेबलाच्या कोपऱ्यावर पूजेचा नारळ होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या नाकावर घातला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. नारळ नव्हता मोडला. उत्तमराव मागे कनातीवर पडला, कनातीसकट खाली आला, आणि तोंड धरून गुरासारखा ओरडायला लागला. मी अजून एकदा घातला, मनगटावर. मला दया आली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पण प्रश्न होता तिथेच होता. पडदा लावू की नको? मी चित्राकडे पाहिलं. आणि तेव्हा, इतक्या मैदानांत पहिल्यांदा, मी बैलांच्या नाकांकडे न बघता मागे उभ्या असलेल्या माझ्या बापाकडे पाहिलं.

पाखऱ्या आणि वजीर त्यांच्या समोरून चालले होते आणि तात्या त्यांच्याकडे बघतच नव्हते. त्यांची मान उजवीकडे वळलेली होती. ते बाहेरच्या पडद्याकडे बघत होते. बंद, काळ्या पडद्याकडे, तोंड उघडं टाकून, लहान मुलाचं बोट गर्दीत सुटल्यावर होतं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

मी सकाळच्या सेमीचं चित्र उघडलं. तात्यांचं तोंड पडद्याकडे. त्याआधीच्या गटाचं उघडलं. तोंड पडद्याकडे. गेल्या महिन्यातल्या मैदानाचं एक सापडलं, त्यातही तेच. एकाही चित्रात माझा बाप बैलांकडे बघत नव्हता. डाव्या कोपरानं उडालेला चहा, समोर असून न सापडणारा मिठाचा डबा, चुकवता येण्यासारखा असून न चुकवलेला दगड, सगळं माझ्या अंगावर एकदम आलं. तात्यांना डावीकडचं दिसत नव्हतं, आणि उजव्या डोळ्याला जवळचं, थांबलेलं चित्रच तेवढं दिसत असावं. बाहेरचा पडदा लोकांसाठी नव्हताच. तो त्यांच्या डोळ्यासाठी होता.

मी जुना ड्रायव्हर परत बसवायची आज्ञा दिली आणि मशीन बंद करून चालू केलं. बॅटरी टी टी करत होती. पडदा काळा झाला, मग निळा, मग ते गोल गोल. बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाय धरा रं त्येचं!" मी उठून बाहेर पळू शकले असते, पण मशीन सोडून गेले असते तर काय हातात धरून लोकांना थांबवलं असतं? मी तिथेच बसून त्या फिरणाऱ्या गोलाला "चल रे, चल रे बाबा" म्हणत होते आणि ओठातलं रक्त गिळत होते.

अक्षरं बारीक झाली. मी ओळखलं, लागला. आणि बाहेरून एकदम हजार माणसांनी श्वास ओढल्यासारखा आवाज आला.

मी फायनलचं चित्र बाहेर टाकलं. मग पाखऱ्याच्या नावानं आरोळी उठली. कुणी अंकुशला खांद्यावर घेतलं, कुणी गुलाल उधळला. मला वाटलं, सुटले. पण गुलालातून एकजण दांडकं घेऊन तात्यांकडे वळला. "बघा! बघा! इकला गेलाय थेरडा! उत्तमरावाचं खाल्लंय!" आणि जे मघाशी संशयानं मारत होते ते आता खात्रीनं मारायला धावले.

मास्तर एव्हाना आत येऊन टेबलाखाली दडून बसले होते, छातीशी माइक धरून. मी त्यांच्या हातातून तो हिसकला.

"थांबा!" माझा आवाज भोंग्यांतून सगळ्या माळावर गेला. "मी तात्यांची मुलगी बोलतेय. तात्या विकले गेले नाहीत. त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. पडद्याकडे बघा. बैलांकडे नका बघू, मागे तात्यांकडे बघा. ही फायनल. बघा, मान कुठे आहे. ही सेमी. हे गेल्या महिन्यातलं मैदान. एकदा तरी बैलांकडे बघतायत का? त्यांना दिसत नाही हो! माझा बाप आंधळा आहे, चोर नाही!"

मी एकामागून एक चित्रं टाकत होते. दांडकी हळूहळू खाली आली. आता सगळे बाहेरच्या पडद्याकडे बघत होते आणि त्या पडद्यावर माझा बाप पुन्हा पुन्हा त्याच पडद्याकडे बघत होता.

मी माइक टाकून बाहेर पळाले. तात्या ओट्याशी पडले होते. सदरा फाटलेला, कानातून रक्त, एक हात पोटाशी. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. ते कोपरावर उठले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "खोटं बोलतीय! मला दिसतंय! मी पैसं खाल्लंत! उत्तमरावाचं पैसं खाल्लंत म्या!"

माझ्या आयुष्यात मी यापेक्षा भयंकर काही ऐकलेलं नाही.

"तात्या, गप बसा," मी म्हणाले. "मारतील तुम्हाला."

"मारू दे! पैसं खाल्लंत मी!"

दांडकेवाला परत पुढे सरला. अंकुश मध्ये आला. तो गुलालानं माखला होता. त्यानं दांडकेवाल्याला ढकलून दिलं, जमिनीवरून काहीतरी उचललं आणि तात्यांच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. तात्या मान वळवायला लागले तसा त्यानं त्यांचा जबडा घट्ट धरला.

"मान न वळवता सांगा, तात्या. माज्या हातात काय हाय?"

तात्यांचा डावा डोळा उघडा होता, चांगला होता, कुठे पांढरा नाही, लाल नाही. बघणाऱ्याला शंकासुद्धा आली नसती.

"सोड मला."

"सांगा आन् पैसं खाल्लं म्हना. मंग मी यास्नी अडवत न्हाय."

कुठेतरी बैलांच्या घुंगरमाळा वाजत होत्या.

"दगड," तात्या म्हणाले.

अंकुशच्या हातात तात्यांचाच पांढरा झेंडा होता.

त्यानं जबडा सोडला. दांडकेवाल्यानं हातातलं दांडकं आपल्याच पायाशी ठेवलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं होतं. म्हातारी माणसं तोंड फिरवून चालायला लागली. अंकुशनं आपला फेटा सोडून तात्यांच्या डोक्याला गुंडाळला, पाखऱ्याला आणलं होतं त्या पिकअपमध्ये त्यांना उचलून घातलं आणि मला म्हणाला, "बस ताई मागं, डोकं मांडीवर घे." ट्रॅक्टरची किल्ली घ्यायला तो थांबला नाही. आम्ही माळ उतरत होतो तेव्हा मागे उत्तमरावाची माणसं तंबू मोडत होती. दोन्ही पडद्यांच्या काचा फुटल्याचं मी ऐकलं. मागे वळून पाहिलं नाही.

तात्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि डावा कान कायमचा गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू, बराच जुना; डावा डोळा गेलेला, उजवाही अधू. तात्यांना ठाऊक होतं. औषधाचे थेंब डोळ्यात घालताना आईला दिसलं असतं म्हणून त्यांनी ते घातलेच नव्हते. ही सगळी माहिती डॉक्टरांनी मला दिली. तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी त्यांच्या कॉटशी बसून राहिले. शेवटी मीच म्हणाले, "तात्या, नसतं सांगितलं तर मारून टाकलं असतं त्यांनी."

"टाकलं असतं तर बरं झालं असतं."

"असं नका बोलू."

"पैसं खाल्लं म्हणलं असतं तर ह्येवढ्या एका निकालाचं बोललं असतं लोक," ते भिंतीलाच सांगत होते. "तू आंधळा म्हणलीस. आता माझं सगळंच निकाल गेलं. चांगला डोळा हुता तवाचं बी गेलं. कोन इस्वास ठिवंल, कवापासनं दिसत नव्हतं?"

त्यांचं बरोबर होतं. ते घरी आल्यावर हरलेली माणसं यायला लागली, कुठल्या कुठल्या जुन्या मैदानांची. तवा तरी दिसत हुतं का, तात्या? एकानं आमच्या कडब्याची गंजी पेटवली, दोघांनी दारात येऊन तात्यांची गचांडी धरली. अंकुश येऊन बसायचा म्हणून पुढचं टळलं. अशाच एका झटापटीत मार चुकवताना आई पायरीवरून पडली आणि लंगडायला लागली ती कायमची. लोक अंगावर आले की तात्या आपले उजवीकडे मान फिरवायचे.

मला पुष्कळ जणांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? नाही होत. पुन्हा तो माळ, तो माइक हातात आला तर मी पुन्हा तेच बोलेन, कदाचित जास्त मोठ्यानं. मला बाप जिवंत हवा होता, मिळाला. त्याची किंमत त्यांनी भरली, हेही मी जाणते.

आता आई नाही. मी दर रविवारी गावी जाते, स्वयंपाक करते, आम्ही दोघं जेवायला बसतो. मी ताटं मांडली की तात्या आपला पाट उचलतात आणि फिरवून असा टाकतात की मी त्यांच्या डाव्या हाताला येते. सुरुवातीला मला वाटायचं, सवय असेल. मग एकदा मुद्दाम उजवीकडे बसले, तर ते ताटावरून उठले आणि पाट फिरवून परत बसले. डावीकडे मी त्यांना दिसत नाही, आणि त्या कानानं ऐकूही येत नाही.

तेव्हापासून मी आपणहून तिथेच बसते. मिठाचा डबा आणि पाण्याचा तांब्या तेवढा उचलून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवते, आणि आम्ही जेवतो.